चरबीचे लाडू आणि शेजारचा लेनर्ड

६ जानेवारी, सोमवार

डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज रक्तदाब मोजा आणि लिहून ठेवा. आकडा त्यांनी दिलेल्या कार्डावर लिहीन. तो का वाढतो ते इथे लिहितो, कारण गिलियनने, म्हणजे आमच्या मुलीने, नाताळात ही डायरी दिली आहे आणि ती कोरी राहिली तर तिला वाईट वाटेल. रक्तदाबाचे कारण शेजारी राहते. नाव लेनर्ड पास्को.

हा गृहस्थ ऑक्टोबरात कॉर्नवॉलहून आमच्या गल्लीत राहायला आला. बायको वारली आहे, लेक इथे डार्बीशरमध्ये दिली आहे, म्हणून आला. आल्या आल्या त्याने मागच्या बागेतल्या वाकड्या सफरचंदाच्या झाडाला तारेचा पिंजरा टांगला आणि त्यात चरबीचे लाडू भरले. गाईच्या चरबीत ओट, शेंगदाणे आणि आणखी काय काय कालवून तो ते स्वतः वळतो. तेव्हापासून आमच्या बाजूचा एकूणएक पक्षी कुंपणापलीकडे गेला.

त्याचे मला काही वाटले नसते. पण नोव्हेंबरात माझी बायको बेरिल बाथरूमच्या पायरीवरून पडली आणि तिच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. ती हॉस्पिटलातून घरी यायच्या आत मी तिच्यासाठी पक्ष्यांना खाऊ घालायचे टेबल केले. जन्मभर लोकांच्या घरात फरशा बसवल्या, तेव्हा टेबलाच्या छपरालाही खरी फरशी लावली, निळी, चकचकीत. तिची खुर्ची मागच्या खिडकीशी, टेबलाच्या बरोबर समोर ठेवली. आठवड्याभरात तिने ती खुर्ची वळवून घेतली. लेनर्डच्या बाजूला.

मला जगाकडून फार काही नको आहे. माझ्या बायकोने माझ्या टेबलाकडे बघावे, एवढेच.

९ जानेवारी, गुरुवार

आज हीटर चालू असताना बेरिलने खिडकी सताड उघडली. बाहेर लेनर्ड, हातात चहाचा मग, कुंपणाला रेलून क्रिकेटचे समालोचन केल्यासारखा बोलत होता. "दोन ब्लूटिट आल्यात. एक उलटी लटकून खातेय. खाली चिमण्या वाट बघतायत, काय सांडेल ते. आता रॉबिन आला, छाती काढून. सगळ्यांना हाकललं त्यानं."

बेरिल हसत होती. डोळे मिटून, मान मागे टाकून हसत होती. माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसली होती ते मला खूप वेळ आठवून बघावे लागले आणि तरी आठवले नाही.

मला एक कळत नाही. समोर जे दिसते आहे ते तोंडाने सांगायची गरज काय? काही माणसांना स्वतःचा आवाज आवडतो. मी तसा नाही. फरशी बसवताना बडबड केली की ओळ वाकडी जाते.

निघताना तो तिला "लाडके" म्हणाला. मी तिला स्पष्टच विचारले, हे काय? तर म्हणाली, कॉर्नवॉलला पोस्टमनलासुद्धा तसेच म्हणतात, आपण नाही का इथे दिसेल त्याला 'डक', म्हणजे बदक, म्हणत. असेल. मला मात्र तो अजून एकदाही लाडक्या म्हणालेला नाही.

१२ जानेवारी, रविवार

रविवारचे जेवण हल्ली मी रांधतो. बेरिल खुर्चीवर बसून हुकूम सोडते. गोमांस चांगले भाजले गेले, यॉर्कशर पुडिंगही बऱ्यापैकी फुगले. ग्रेव्हीचे भांडे तिने उचलले आणि निम्मी ग्रेव्ही ताटाच्या शेजारी टेबलक्लॉथवर ओतली. म्हणाली, टेबल डगमगते.

टेबल डगमगत नाही. ती जमीन मी बसवली आहे. त्या जमिनीवर गोटी ठेवली तर ती आहे तिथेच राहते. मी हे बोलून दाखवले. मग ती माझ्या कानाकडे बघत म्हणाली, बरं बाबा, चुकलं माझं.

हे आणखी एक. बोलताना ती माझ्या डोळ्यांकडे बघत नाही. कानाकडे बघते, खांद्याकडे बघते, जणू माझ्या शेजारी दुसराच कोणी उभा आहे. तो कोण असावा हे सांगायला मला ज्योतिषी नको.

शब्दकोडीही तिने सोडली. चाळीस वर्षांची सवय, आणि आता म्हणते कोडी फालतू झालीत. विणकाम सोडले, लोकर हल्ली चांगली येत नाही म्हणे. या घरातले सगळेच तिला फालतू वाटायला लागले आहे. चांगले जे काही आहे ते कुंपणापलीकडे.

१५ जानेवारी, बुधवार

ठरवले. चरबीला चरबीनेच उत्तर द्यायचे.

हॅलम खाटकाच्या दुकानात गेलो आणि गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी मागितली. हॅलम म्हणाला, "काय ट्रेव्हर, पुडिंग करतोयस?" मी म्हटले, पक्ष्यांसाठी. तो म्हणाला, कमाल आहे, परवाच तुमचे ते कॉर्नवॉलवाले हेच घेऊन गेले, फार छान माणूस. मी पुडी घेतली आणि बाहेर पडलो.

ती चरबी किसायची, मंद आचेवर वितळवायची, गाळायची, गार करायची, पुन्हा वितळवायची. सांगायला सोपे आहे. निम्म्या वाटेवर ती धुरावली, छतावरचा धुराचा गजर बोंबलायला लागला, आणि सगळ्या घराला कत्तलखान्याचा वास लागला. बेरिल खुर्चीतून ओरडली की काय जळतंय. मी सांगितले, तुझ्यासाठी लाडू करतोय. ती म्हणाली, "पक्ष्यांसाठी ना?" मी म्हटले, तेच ते.

ओट, ब्रेडचा चुरा, मनुका, सगळे कालवून चांगले घट्ट लाडू वळले. एकसारखे. लेनर्डचे ओबडधोबड असतात, माझे तराजूत घातले तर काटा हलणार नाही.

१८ जानेवारी, शनिवार

लाडू टांगून तीन दिवस झाले. गिऱ्हाईक एकच, एक रानकबूतर. टेबलावर बसते, पोट खाली टेकवते आणि जागेवरून न हलता खात राहते. त्याच्या तोंडाकडे बघितले की मला माझा मेहुणा आठवतो.

पलीकडे मात्र जत्रा. लांब शेपटीच्या टिटांचा अख्खा थवा आला होता, कापसाला काडी टोचावी तशा दिसतात, एकमेकींना खेटून लाडवावर चिकटलेल्या. इतक्या सुंदर होत्या की माझा जीव जळला. मी खिडकीतून हटलो.

मग लेनर्ड कुंपणाशी आला. अगदी नम्रपणे बोलतो, त्यामुळे भांडताही येत नाही. म्हणाला, "लाडू फक्कड झालेत हो तुमचे. पण रागवणार नसाल तर एक सांगू? लहान पक्षी उघड्यावर येत नाही. एक घास घेतला की त्याला लपायला झुडूप लागतं. ससाणा कुठून येईल नेम नाही."

मी म्हटले, इथे पूर्वी झुडपे होती, ती काढून मी फरसबंदी केली, एकट्याने, एका उन्हाळ्यात.

त्याने फरसबंदीकडे बघितले. "सुरेख आहे," म्हणाला. "पाणी पडलं तर कुठं वाहायचं ते त्यालाही कळणार नाही, इतकी सपाट."

तो मनापासून म्हणाला असे मला वाटते. म्हणूनच जास्त लागले. त्याच्या बागेत काटेरी कुंपण वाढले आहे, भिंतीवर वेल माजला आहे, ब्लॅकबेरीचे जाळे दारापर्यंत आले आहे, आणि त्या उकिरड्यात चिमण्या दिवसभर कलकलाट करतात. माझ्या बागेत शांतता असते. मला वाटायचे शांतता ही चांगली गोष्ट आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

आज राहवले नाही. चहा देताना विचारले, "बेरिल, तिकडे असं काय आहे गं, जे इकडे नाही?"

 ती कपाचा कान बोटाने चाचपत होती. मग म्हणाली, "तिकडे आवाज असतो, ट्रेव्ह."

म्हणजे इकडे नसतो. म्हणजे मी मुका आहे, कंटाळवाणा आहे, घरात असून नसल्यासारखा आहे. हे तिला पंचेचाळीस वर्षांनंतर सुचले. मी काही बोललो नाही, आणि नंतर लक्षात आले की न बोलून मी तिचेच खरे केले.

२४ जानेवारी, शुक्रवार

लिहू की नको असे वाटत होते. लिहितो.

सकाळी मी गोदामातून वाळू आणायला जाणार होतो, तेव्हा बेरिल म्हणाली की लेनर्ड तिला गाडीतून औषधाच्या दुकानात घेऊन जाणार आहे. मी नेतो म्हटले. तर म्हणाली, तुझी वाळू राहील. माझ्या वाळूची तिला इतकी काळजी पूर्वी कधी नव्हती.

औषधाचे दुकान कोपऱ्यावर आहे. ती दोघे परत आली तेव्हा मी जेवण उरकून भांडी घासून ठेवली होती. मी समोरच्या खिडकीच्या पडद्याआडून बघितले, त्याची मला लाज वाटत नाही. लेनर्डने गाडीचे दार उघडले. तिने त्याच्या दंडाला हात घातला. पायरीपाशी तो तिच्या कानाशी काहीतरी बोलला आणि मग तिने पाऊल उचलले. तिने काळा चष्मा लावला होता. जानेवारीत, ढग भरून आलेले असताना.

घरात आल्यावर तिने चष्मा काढला. मी हबकलो. तिचे डोळे मोठे, काळेभोर झाले होते, बाहुल्या एवढ्या मोठ्या की निळा रंग नुसता काठावर उरला होता. अशा डोळ्यांनी तिने मला एकदाच बघितले आहे, मॅटलॉकच्या नाचाच्या हॉलमध्ये, आमचे लग्न ठरायच्या आधी. तेव्हा मला वाटले होते की एखाद्याला बघून माणसाचे डोळे असे होतात तेव्हा प्रश्न विचारायचे नसतात.

मी विचारले, औषध कुठे आहे? ती म्हणाली, दुकानात नव्हते. मग खुर्चीत बसली, लेनर्डच्या बाजूला तोंड करून, आणि थोड्या वेळाने मला दिसले की ती रडते आहे. आवाज न करता. मी स्वयंपाकघरात गेलो. काय करणार होतो? दुसऱ्याच्या नावाने रडणाऱ्या बायकोला रुमाल देतात का?

२ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही झाले नाही, म्हणजे मी बोललो नाही आणि तीही बोलली नाही.

आज मांस भाजताना डोक्यात प्रकाश पडला. ओव्हनमधल्या ट्रेमध्ये खाली जी चरबी गळते, तपकिरी, मांसाच्या रसाने भरलेली, ती आमच्या लहानपणी पावावर थापून, वर मीठ भुरभुरून मिळायची. शाळेतून आलो की तेच खाणे. अख्खा मोहल्ला त्यावर पोसला. आई म्हणायची थंडीला हेच औषध. मग पक्ष्याला का नको? हॅलमच्या त्या पांढऱ्या, बेचव चरबीला कोण विचारतो? लेनर्ड कॉर्नवॉलचा, त्याला समुद्र ठाऊक, भाजलेले गोमांस आमचे.

नारळाच्या करवंट्यांमध्ये ती चरबी ओतली, ट्रेच्या तळाचे खरपूस खरवडून घातले, आणि चव यावी म्हणून चिमूट मीठ. हवा उबदार आहे त्यामुळे ती नीट थिजली नाही, पण वास असा सुटला की मीच बोट बुडवून चाटले. करवंट्या टेबलाला टांगल्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

आले! आमच्याकडे आले!

न्याहारीच्या वेळी दोन ब्लूटिट. मग आणखी. निळ्या टोप्या, पिवळी पोटे, करवंटीत अर्ध्या बुडून खात होत्या, एकीने तर आत अंघोळच केली म्हणा. लेनर्डच्या पिंजऱ्यावर तेव्हा काळे कुत्रे नव्हते. मी मुद्दाम बाहेर जाऊन झाडू मारला, त्याला दिसावे म्हणून. तो त्याच्या खिडकीत नव्हता, पण असो.

बेरिलला हाक मारली. तिची खुर्ची स्वतः वळवली आणि म्हटले, बघ. ती पुढे वाकली. "अय्या, किती गोड," म्हणाली. मी तिच्या नजरेच्या रोखाने बघितले. ती फाटकाच्या खांबाकडे बघत होती. खांबावर काहीही नव्हते.

म्हणजे माझी समजूत घालायला गोड म्हणाली. बघायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की मी झाडू घेऊन पुन्हा बाहेर गेलो आणि स्वच्छ असलेली फरशी पुन्हा झाडली.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल रात्रीत कडाक्याचा गारठा पडला. सकाळी फरशीवर पांढरे, बुरशीसारखे गोठलेले दव होते आणि टेबलाखाली एक ब्लूटिट पडली होती. मी जवळ गेलो तरी उडाली नाही. पंख अंगाला चिकटलेले, छातीवरची पिसे तेलकट होऊन काड्यांसारखी उभी, आणि मधून मधून नुसती कातडी दिसत होती. थरथरत होती.

लेनर्ड कुंपणापाशी आला. करवंटीकडे बघितले, बोट लावून वास घेतला. रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. म्हणाला, "ही ट्रेमधली चरबी आहे. रस मिसळला की ती घट्ट होत नाही हो, पिसांना फासली जाते. पिसं फुलली नाहीत तर गारठ्यात त्यांच्या अंगावर काही राहत नाही. आणि यात मीठ आहे का?" मी हो म्हटले. मीठ बाधतं त्यांना, असे सांगून त्याने बोट पुसले. म्हणाला, आत न्या, हातात धरा, ऊब लागते तिला.

बेरिलचे हात नेहमी गरम असतात. माझे सिमेंटने गेले आहेत. मी पाखरू तिच्या ओंजळीत ठेवले. तिने ते छातीशी धरले, अंगठ्याने डोक्यावरून हात फिरवला, तोंडाने उबारा दिला. मग मान वर करून, माझ्या कानाकडे बघत, अगदी साधेपणाने विचारले, "रॉबिन आहे का रे हा?"

तिच्या ओंजळीत निळी टोपी होती. इंग्लंडातल्या शाळेत जाणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. रॉबिनची छाती तांबडी असते आणि ही निळी-पिवळी होती, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, खिडकीच्या उजेडात.

मला वाटले ती थट्टा करते आहे. मग मी तिच्याकडे बघितले. किती महिन्यांनी बघितले कोण जाणे. ग्रेव्ही, शब्दकोडी, लोकर, कपाचा कान, काळा चष्मा, त्या बाहुल्या. सगळे एकदम अंगावर आले.

"हो," मी म्हटले. "रॉबिन आहे."

"बिचारा," ती म्हणाली. "कशानं झालं?"

मी सांगितले, माझ्यामुळे झाले. एवढे तरी खरे सांगितले.

दुपारी ते तिच्या ओंजळीतच गेले. तिला कळले, मला नाही. ती म्हणाली, थांबलं. मी करवंट्या काढून कढत पाण्यात सोडा घालून घासल्या आणि फेकून दिल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी लेनर्डच्या दारावर गेलो. त्याच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकले. जमिनीच्या फरशा इतक्या वाईट बसवल्या आहेत की बघवत नाही.

मी म्हटले, तुम्हाला ठाऊक होते.

त्याने नाही म्हटले नाही. खुर्ची पुढे केली, मी बसलो नाही. तो म्हणाला, "डोळ्यांच्या दवाखान्यात मी नेलं होतं त्यांना, तिथं थेंब घालून तपासलं. औषधाचं दुकान म्हणून सांगायचं असं त्यांनीच ठरवलं. मधला भाग गेलाय नजरेचा. कडेनं थोडं दिसतं. ते परत येणार नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले."

मी विचारले, मला का नाही सांगितले? माझा आवाज चढला असणार, कारण त्याने हात वर केला.

"मी म्हटलं त्यांना, ट्रेव्हरला सांगा. दर वेळी म्हटलं. तर म्हणाल्या, तो चांगला आहे हो, पण त्याला कळलं की तो मला कप उचलू देणार नाही. जिना बंद करेल. सगळ्या घराला कठडे लावेल आणि मला मध्ये बसवून ठेवेल." मग म्हणाला, "घाबरल्या होत्या त्या. तुम्हाला नाही. कठड्यांना."

मी रात्रभर जागून नेमके तेच ठरवले होते. जिन्याला दुहेरी कठडा, बाथरूमला तीन. मापेसुद्धा घेतली होती. ती खिशात होती.

मग मी त्याला विचारले, हे सारखे बोलणे कशासाठी, कोण आले कोण गेले. तो जरा ओशाळला. म्हणाला, मॉरवेनाला, म्हणजे त्याच्या बायकोला, शेवटची काही वर्षे काहीच दिसत नव्हते. त्याला बोलायची सवय लागली. ती गेली तरी जीभ थांबत नाही, एकटा असला तरी तो बोलतोच, लोक वेडा समजतात. बेरिलने खिडकीतून ऐकले आणि खुर्ची वळवली.

मला त्याचा हेवा वाटणे थांबायला हवे होते. थांबले नाही. उलट वाढले. पूर्वी वाटायचे याने माझी बायको पळवली. आता कळले की जे मला करायचे होते ते तो करत बसला होता, आणि मला ते करायचे आहे हेच मला कळले नव्हते. दुसरे जास्त वाईट आहे. दारातून निघताना तो म्हणाला, "सांभाळून, लाडक्या, पायरी निसरडी आहे." ती पायरी खरोखरच निसरडी होती. पुढच्या आठवड्यात बसवून देईन म्हटले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तिला सांगितले की मला ठाऊक आहे. भाषण तयार केले होते, पण तोंडातून निघाले ते एवढेच, "तो रॉबिन नव्हता. ब्लूटिट होती."

तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "आणि तू हो म्हणालास."

"हो."

"तू तर टेबल अर्ध्या बोटानं तिरकं म्हटलं तरी भांडतोस."

मग आम्ही दोघे रडलो. ते सगळे लिहायचे नाही. कठड्यांचा कागद मी तिच्यासमोर फाडला. तिने एक मागून घेतला, बाथरूमच्या पायरीला, तिला हवा तिथे.

९ फेब्रुवारी, रविवार

जेवणानंतर खिडकी उघडली आणि तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो. करवंट्या गेल्या, आता टेबलावर पुन्हा हॅलमची पांढरी चरबी आहे, दोनदा वितळवलेली, दगडासारखी घट्ट, मीठ नसलेली. कोणी येत नाही. दुकानातून एक काटेरी झुडूप आणले आहे. ते लावायला फरसबंदीतल्या चार फरशा उखडाव्या लागतील. उद्या उखडतो.

बोलायला सुरुवात केली ती अगदी वाईट झाली. "एक आला," मी म्हटले. ती म्हणाली, कोणता? "तपकिरी." ती म्हणाली, तपकिरी तर अर्धे इंग्लंड आहे, ट्रेव्ह. तेव्हा मी नीट बघितले. नीट बघितले की बरेच दिसते, फरशीचेही तसेच असते. चिमणा, गळ्याखाली काळा रुमाल बांधल्यासारखा. त्याच्या मागे दोन माद्या, एकीची शेपटी एका बाजूला वाकलेली. सगळे लेनर्डच्या कुंपणात. आमच्या बाजूला फक्त ते रानकबूतर. मी एकेक सांगत गेलो. दर पक्ष्यागणिक पोटात दुखत होते, कारण प्रत्येक त्याचा होता.

आणि मग सुतार पक्षी आला. या हिवाळ्यातला पहिला. काळा-पांढरा, शेपटीखाली लाल भडक, मोठा. एकदा कर्कश ओरडला आणि लेनर्डच्या पिंजऱ्यावर असा आदळला की अख्खी फांदी झुलली.

माझा श्वास अडकला तो तिने ऐकला. "काय रे? कोण आलं?"

"सुतार पक्षी."

तिने माझे मनगट घट्ट धरले. चेहरा उजळला होता. "आपल्याकडे?" तिने विचारले. "आपल्या टेबलावर?"

इथे मी जे लिहितो ते खरे आहे. माझ्या मनात आले, हो म्हणावे. कोण बघणार आहे? तिला दिसत नाही, लेनर्ड लेकीकडे जेवायला गेला आहे. इतके दिवस मला जे हवे होते ते एका शब्दाच्या अंतरावर होते. निळ्या छपराखाली सुतार पक्षी, आणि माझ्या बायकोची मान माझ्या टेबलाकडे वळलेली. उद्यापासून लांब शेपटीच्या टिटासुद्धा आणता आल्या असत्या. हवे ते सगळे आणता आले असते.

"नाही गं," मी म्हटले. "लेनर्डच्या झाडावर."

ती हसली आणि तिने माझे मनगट सोडले नाही. म्हणाली, "ठाऊक आहे. ओरडला तो तिकडूनच. तू काय सांगतोस, ते ऐकायचं होतं."

मग विचारले, आता काय करतोय तो? मी सांगायला लागलो.